एकच नाव : झाडाचे आणि वीराचे

अर्जुन म्हटले की धनुष्यबाण आठवतो. पण आमच्या नाल्याच्या काठावरपण अर्जुन उभा आहे. तो म्हणजे अर्जुनाचे झाड. जुनी माणसं त्याला कहू म्हणतात.

अर्जुन शब्दाचा अर्थ पांढरा, स्वच्छ. या झाडाची साल पांढरट आणि गुळगुळीत असते, म्हणून हे नाव. पण पांडवांतला अर्जुन तर सावळा होता! मग त्याचे नाव असे का? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "महाभारताच्या विराटपर्वात अर्जुन राजपुत्र उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो. त्याची कामे स्वच्छ, म्हणून तो अर्जुन."

गुरुजींनी आणखी एक गंमत सांगितली. दूर पॅसिफिक महासागरात सामोआ आणि टोंगा ही बेटे आहेत. तिथल्या भाषेत 'तोआ' म्हणजे शूर योद्धा, आणि तोआ म्हणजेच सुरूचे झाड. आपल्या कोकणात समुद्रकाठी सुरूची बने आहेत. सुरूचे लाकूड फार टणक. त्या बेटांवर त्याच्या गदा आणि भाले करत. तिथे नाव जुळले कणखरपणावरून, आपल्याकडे जुळले स्वच्छपणावरून.

अर्जुन ओळखायला सोपा आहे. तो नदीनाल्याच्या काठी वाढतो. त्याच्या फळाला पाच पंख असतात. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. साल वैद्य लोक हृदयाच्या औषधात वापरतात.

पण सालीपायीच झाडाचा जीव जातो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे जाते. कोणी बुंध्याभोवती पूर्ण गोल साल काढली तर मुळं उपाशी राहतात आणि झाड हळूहळू वाळते. नाल्यावरचे एक झाड असेच वाळले. आमचे आबाजी म्हणतात, "साल पाहिजे तर एका अंगाची थोडीशी घ्यावी, बाकी झाडाला ठेवावी."

आईबाबांनो, तुम्हीपण हे ध्यानात ठेवा. वीर अर्जुनाच्या हाती गांडीव धनुष्य होते. या अर्जुनाला हात नाहीत. त्याला आपणच राखले पाहिजे.

सांगा पाहू :
१) अर्जुन शब्दाचा अर्थ काय?
२) तोआ म्हणजे कोणते झाड?
३) गोल साल काढल्यावर झाड का वाळते?

– इयत्ता चौथी