शेकरू आणि वारुळावरची अळंबी

सह्याद्रीच्या रानात मान वर करून चालणाऱ्यास शेकरू दिसते, तर पहिल्या पावसानंतर जमिनीकडे पाहत चालणाऱ्यास वारुळावर उगवलेली अळंबी दिसतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. अळंब्याची ओळख मात्र बहुधा स्वयंपाकघरापुरतीच राहिली आहे. संरक्षणाच्या बाबतीत या दोघांत जे अंतर पडले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी वर्गीकरणात आहे.

शेकरूचे स्थान निर्विवाद आहे. सस्तन वर्ग, कृंतक गण आणि खारींचे कुल. म्हणजे उंदराचा हा दूरचा आप्त. 'रटुफा इंडिका' या जातीचे वर्णन १७७७ मध्ये अर्क्सलेबेन या जर्मन शास्त्रज्ञाने केले. अळंब्याचे तसे नाही. ते जागचे हलत नाही, म्हणून बुरशीवर्गाची गणना दीर्घकाळ वनस्पतींत होत असे. वस्तुतः त्यात हरितद्रव्य नसते. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तेच कायटिन कीटकांच्या कवचातही आढळते. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी मांडलेल्या पंचसृष्टी पद्धतीत कवकांना स्वतंत्र सृष्टी मिळाली. आनुवंशिक अभ्यासानुसार तर कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांनाच अधिक जवळची आहेत.

कायद्याची रचना मात्र प्राणी आणि वनस्पती या दोनच कप्प्यांची राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत शेकरूला स्थान आहे, अळंब्याला नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनोपज नेण्यास निर्बंध असल्याने त्याला जे संरक्षण लाभते, ते आनुषंगिक होय.

संरक्षणाची रीतही दोघांची वेगळी आहे. शेकरू झाडावरून झाडावर उड्या घेत वावरते. त्यास फांद्यांना फांद्या भिडलेले सलग अरण्य हवे. डहाळ्या व पाने रचून एकच शेकरू अनेक घरटी बांधते आणि त्या घरट्यांवरून त्याच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा त्यास मोठा आधार आहे. अळंबी मोजायची कशी? आपण खुडतो ते केवळ फळ. खरा जीव वारुळाच्या पोटात असतो. वाळवी पालापाचोळा व लाकूड चघळून तेथे मऊ पोळे रचते आणि त्यावर हे कवक अक्षरशः पिकवते. वाळवीवाचून ते जगत नाही. म्हणूनच धिंगरीप्रमाणे त्याची शेती अद्याप साधलेली नाही. हौसेने वारूळ खणणाऱ्यास याची कल्पना नसते. गोव्यात वारुळाची सातेरी देवी म्हणून पूजा होते. त्या श्रद्धेने कित्येक वारुळे राखली असतील, असे वाटते.

जागतिक लाल यादीत २०२५ मध्ये सुमारे १,३०० कवकांची नोंद झाली. त्यांपैकी ४११ धोक्यात आहेत. ज्ञात कवके मात्र दीड लाखांवर आहेत. अळंबी काढणाऱ्यांनी वारुळास कुदळ लावू नये आणि छत्री उमललेली काही अळंबी तशीच सोडावीत. त्यांची बीजुके वाऱ्यावर निघून जातात.