सिलिंडरच्या जागेवरची पेटी

मुलुंडच्या तुमच्या फ्लॅटात पाइपचा गॅस आला, सिलिंडर गेला आणि ओट्याखाली त्याची जागा रिकामी पडली. तिथे कांदे-बटाट्यांची पेटी बसवायची म्हणतेस, ते बरं आहे. फक्त पोरी, लाकूड आणायच्या आधी जागा मोज. सिलिंडर साधारण फूटभर रुंद आणि दोन फूट उंच. तेवढंच माप धरून चाल. गॅसचा व्हॉल्व आणि रबरी नळी पेटीमागे दडता कामा नये. रात्री अंधारातसुद्धा हात सरळ व्हॉल्वपर्यंत गेला पाहिजे. नसेल जात, तर पेटी चार बोटं अरुंद कर.

आता रचनेचं. चारी बाजूंनी बंद खोका करायचा मोह आवर. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दमट हवेत बंद खोक्यातला कांदा आठ दिवसांत पाणी सोडतो. नाशिककडची कांदाचाळ पाहिली आहेस ना? जमिनीपासून वर उचललेली, खालून-बाजूंनी फटी, वर छप्पर. तीच लहान करून ओट्याखाली बसवायची. चार कोपऱ्यांना दीड इंची चौकोनी खांब, बाजूंना आणि तळाला दोन इंच रुंद पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. वरच्या कप्प्यात कांदे-लसूण, खालच्यात बटाटे. एका कप्प्यात दोघांना कोंबलंस की दोन्ही लवकर नासतात. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो, कडवट होतो आणि खाण्यालायक राहत नाही, म्हणून खालच्या कप्प्याच्या पुढून जाड कापडाचा पडदा सोड.

लाकडाकडे जरा नीट लक्ष दे, सगळी मेख तिथेच आहे. पार्टिकल बोर्डाच्या वाटेला जाऊ नकोस. ओल लागली की तो फुगतो आणि स्क्रू धरेनासा होतो. प्लाय बरा, पण अरुंद पट्ट्या कापल्या की त्याच्या सगळ्या कडा उघड्या पडतात आणि पाणी कडेतूनच शिरतं. पट्ट्यांना सरळ अख्खं लाकूड घे. जुना सागवान हवा तर ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात फिरून ये. तुकडा पांढऱ्या कागदावर आपटून बघायचा. बारीक पिठासारखी भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे, कितीही स्वस्त मिळो, सोडून दे.

स्वस्तात करायचं असेल तर पॅकिंगचं पाइन. अंधेरीच्या एमआयडीसीत आणि सहारच्या कार्गोच्या बाजूला मालाखालचे पॅलेट सुटे पडतात. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, त्यात दोन अक्षरं शोध. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं; ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं; ते स्वयंपाकघरात आणायचं नाही. शिक्काच नसेल किंवा तेलकट डाग असतील, तर त्यावर काय सांडलं होतं देव जाणे. तेही नको.

फळ्या वखारीतूनच मापात कापून आण. चार पैसे जास्त जातील, पण सोसायटीत दुपारी दोन ते चार करवतीवरून भांडण होणार नाही. आणल्या आणल्या कामाला लागू नकोस. पलंगाखाली खाली-वर चिपा घालून आठ-पंधरा दिवस पडू देत. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात घट्ट बसवलेलं झाकण जुलैत उघडत नाही ते म्हणूनच. झाकण करणार असशील तर दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी जागा सोड.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घे. आधी बारीक भोक पाड, आट्यांच्या आतल्या दांड्याइतकं, नाहीतर पट्टीचं टोक चिरतं. आट्यांवर साबण घासलास की हात दुखत नाहीत. स्क्रू पट्टीतून खांबाच्या बाजूत जाऊ दे. लाकडाच्या कापलेल्या टोकात तो पकडत नाही. सांध्यांना फेविकॉल लावून सांगाडा उभा केलास की सुतळी घे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून चिमटीत धर आणि तीच दुसऱ्या तिरप्या कोपऱ्यांना लाव. सुतळी कमी-जास्त पडली तर पेटी वाकडी आहे. फेविकॉल ओला आहे तोवर ढकलून सरळ कर. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. फेविकॉल १९५९ साली आला. त्याआधीचे सुतार सरस उकळत बसायचे. तो वास घरभर, आणि दमट हवेत सांधा सुटायचा तो सुटायचाच.

पाय चार इंच उंच ठेव, खालून केरसुणी फिरली पाहिजे. झुरळं अंधाऱ्या फटीतच घर करतात. रोजच्या पोछ्याचं पाणी लाकूड पायाच्या टोकातून वर ओढतं. म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबरी बूट मिळतात, ते चढव. बाहेरून बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, हात दे, आतून लाकूड कोरंच राहू दे. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. खिडकीत पसरून वाळव.

आणि साठवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेच्या सुमाराला निघतो तो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच आण. पेटीत टाकण्याआधी ओल्या मानेचे कांदे बाजूला काढ आणि त्यांची त्याच दिवशी भजी कर.