लॅपटॉप भरला? नवी डिस्क घेण्याआधी कॅश साफ करा

दुकानाची वेबसाइट किंवा बिलिंग ॲप स्वतः बनवताय आणि स्क्रीनवर ‘डिस्क फुल’ येतंय? थांबा, लगेच खर्च करू नका.

एनपीएम, पिप, डॉकर ही टूल्स डाउनलोड केलेल्या फाइल्स जपून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी काम लवकर होतं. हीच कॅश. ती म्हणजे होलसेलरकडून परत मिळणारा माल. काढला तरी नुकसान नाही.

टर्मिनल उघडा आणि हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा:

१. एनपीएम कॅश क्लीन --फोर्स
२. पिप कॅश पर्ज
३. डॉकर सिस्टम डीएफ (कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं)
४. डॉकर बिल्डर प्रून (फक्त बिल्ड कॅश जाते)

सावधान! डॉकरच्या ‘व्हॉल्यूम’ला हात लावू नका. ग्राहकांची नावं, उधारी यांचा डेटाबेस बहुतेक तिथंच असतो. तो म्हणजे तुमची खतावणी; गेली की परत डाउनलोड होत नाही. म्हणून आधी बॅकअप, मग सफाई.

आणखी एक: पुढच्या इन्स्टॉलला फाइल्स पुन्हा उतरतील, नेट लागेल. तुळजापुरात दुकान असेल तर ऐन नवरात्राच्या गर्दीत हे काढू नका. आधीच्या निवांत आठवड्यात उरकून घ्या.