टँक घासण्याआधी पाणी तपास

चि. बापू यास,


स्विमिंग टँकच्या काठाला पांढरा थर धरला आहे, तळाला तांबूस डाग पडले आहेत आणि एक माणूस सगळं पाणी उपसून अ‍ॅसिडने घासून द्यायला तयार आहे, असं तू कळवलंस. त्याला तूर्त थांबव. डाग दिसतो फरशीवर, पण येतो पाण्यातून. पाणी आहे तसंच ठेवलंस तर पुढच्या उन्हाळ्यात तोच थर पुन्हा बसेल. शिवाय अ‍ॅसिडने फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लेलं असेल, आणि खडबडीत सांध्यात शेवाळ नि क्षार आधीपेक्षा लवकर धरतात.

याचा हिशेब मांडून बघ. तुझा टँक ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे सुमारे ३८ हजार लिटरचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं असं धरलं, तरी रोजचे ३२० लिटर आणि महिन्याचे जवळजवळ दहा हजार लिटर होतात. तेवढं पाणी तू बोअरचं टाकतोस. त्या पाण्याची कठीणता ४०० पीपीएम असेल, तर एका महिन्यात चार किलो क्षार टँकमध्ये जातात. उडतं ते फक्त पाणी, क्षार सगळे मागे राहतात. म्हणजे दर महिन्याला कठीणता शंभराने चढते. त्यात पाणी तापलं की चुना विरघळून राहायला तयार नसतो, आणि पीएच चढला की तर नाहीच. म्हणूनच थर आधी धरतो तो काठाला, जिथे पाणी सर्वांत गरम असतं आणि फरशी ओली-कोरडी होत राहते.

हे रसायन तुला नवं नाही. केळीच्या ड्रिपच्या नळ्यांत पांढरे क्षार बसून ड्रीपर बंद पडतात, तेव्हा तू नळ्या फोडून घासत बसत नाहीस. बादलीभर पाण्यात मोजून अ‍ॅसिड टाकतोस, लिटमसचा रंग बघतोस आणि त्यावरून सगळ्या प्लॉटचा डोस काढतोस. टँकलाही हीच रीत लाव, फक्त फार हलक्या हाताने. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० आणि कठीणता २०० ते ४०० पीपीएम, एवढं सांभाळायचं. तुझ्या टँकची अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला बाजारातलं ३० टक्क्यांचं अ‍ॅसिड साधारण पाऊण लिटर लागतं. कॅनने ओतायची ही वस्तू नव्हे. पाणी थर धरेल की उलट सिमेंट खाईल, हे पीएच, तापमान, कठीणता आणि अल्कलिनिटी यांवरून आधीच सांगता येतं. लँगेलियर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये शहरांच्या नळांसाठी त्याचं गणित बसवलं, आणि आज टँकवालेही तेच वापरतात.

तू म्हणशील, पाणी स्वच्छ राहावं म्हणून ग्रामपंचायतीसारखी टीसीएल पावडर टाकतोच की. पण टीसीएल म्हणजे चुन्यात धरलेला क्लोरीन. तिने पीएच चढतो, कठीणताही वाढते. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ वर गेला की जेमतेम पाव. मग पाणी हिरवट दिसतं, तू आणखी पावडर टाकतोस आणि थर आणखी जाड होतो. कठीण पाण्याला लिक्विड हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बरं, त्यात चुना नसतो. पीएच मात्र त्यानेही चढतो, तेव्हा मोजणं सुटत नाही. ते संध्याकाळी टाक, दुपारचं ऊन क्लोरीन बघता बघता खाऊन टाकतं. क्लोरीनच्या गोळ्यांचा असर उन्हात टिकतो, पण त्यांतलं सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साठत जातं आणि ५० पीपीएमच्या पुढे क्लोरीनचंच काम मंदावतं. शेवाळावर मोरचूद टाक असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, निळे-हिरवे डाग त्यानेच पडतात.

आता तांबूस डाग. क जीवनसत्त्वाची साधी गोळी पाण्याखाली डागावर अर्धा मिनिट घास. डाग फिका पडला तर तो लोखंडाचा, बोअरच्या केसिंगमधून किंवा जीआय पाइपातून आलेला. क्लोरीन लागताच विरघळलेलं लोखंड गंजून तळाला बसतं. गोळीने काहीच झालं नाही आणि क्लोरीनने फिका पडला, तर तो पाल्याचा डाग समज. हे ओळखल्याशिवाय औषध नको. लोखंडाच्या डागावर जास्तीचा क्लोरीन मारलास तर तो पक्का बसेल.

सगळं पाणी बदलणं सोपं, हा तुझा मुद्दा मी उडवून लावत नाही. कठीणता फार चढली तर पाणी बदलण्यावाचून इलाज नसतो. पण मे महिन्यात ३८ हजार लिटर सोडून पुन्हा त्याच बोअरचं भरायचं, यात हिशेब कुठे बसतो? आणि ते पाणी केळीला देऊ नकोस, केळीला क्षार सोसत नाहीत. त्यापेक्षा पावसाळ्यापर्यंत थांब. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. फार्महाउसचं छत १०० चौरस मीटरचं असेल, तर गळती वगळूनही पन्नास हजार लिटर मऊ पाणी फुकट मिळतं. पहिल्या दोन सरी वाहू दे, मग गाळून घे. थोडं थोडं जुनं पाणी काढून हे भर, आणि अल्कलिनिटी ८० च्या खाली जाऊ देऊ नकोस, नाहीतर पाणी सिमेंटच खाऊ लागेल.

शेजारची गावं टँकरची वाट बघतात तिथे असा टँक शोभतो का, हा प्रश्न गावात कोणी विचारला तर चिडू नकोस, तो रास्त आहे. टँक नसता बांधलास तर मला जास्त आवडलं असतं. बांधलाच आहेस, तर त्याचं पाणी वर्षानुवर्षं टिकवणं तुझ्याकडे लागतं. पोहणं नसेल तेव्हा त्यावर आच्छादन टाक, बाष्पीभवन मोठ्या प्रमाणात थांबतं.

अ‍ॅसिड आणि क्लोरीन एका खोलीत ठेवू नकोस. दोन्ही एकत्र सांडले तर विषारी वायू सुटतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि टीसीएलसुद्धा एका डब्यात नको, त्यांचा भडका उडतो. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. गड्याला हे तोंडी सांगून भागणार नाही, डब्यांवर ठळक लिहून ठेव.

बोअरचं आणि टँकचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन जळगावच्या प्रयोगशाळेत दे. कठीणता, अल्कलिनिटी आणि लोह तपासायला सांग, पीएच मात्र टँकवरच मोज. चारही आकडे मला कळव, मग अ‍ॅसिड किती टाकायचं ते ठरवू.

तुझा
मामा