कोणता खेळ घ्यावा?

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी व सहावींत शिकणारी त्याची बहीण अशीं दोघें मधल्या सुटींत आम्हांकडे आलीं. भावापाशीं वाढदिवसाचे व बहिणीपाशीं भाऊबिजेच्या ओवाळणीचे पैसे होते. दोहोंची बेरीज केली असतां एक व्हिडिओ गेम येईल एवढी रक्कम होत होती. घरीं संगणक एकच, आणि तोही वडिलांच्या कामाचा. भावानें वहीच्या मागल्या पानावर पांच खेळांचीं नांवें लिहून आणिलीं होतीं. त्यांखालीं बहिणीनें पेन्सिलीनें सहावें लिहिलें होतें. "यांतला कोणता घ्यावा?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

अशा प्रश्नाचें उत्तर देणें हें शाळेचें काम नव्हे, असें कांहीं पालकांस वाटेल. परंतु घरोघरीं आज या खेळांवरून जो कलह माजतो त्याचे पडसाद आमच्या वर्गांतही ऐकूं येतात. संध्याकाळीं आई स्वयंपाकघरांतून हांक मारिते, "पानें वाढलीं." मुलगा म्हणतो, "एकच मिनिट." तें मिनिट वीस मिनिटें चालतें. आईस वाटतें, मुलगा खोटें बोलतो. मुलास वाटतें, आईला कांहीं समजतच नाहीं. आमच्या मतें येथें बहुधा दोघांपैकीं कोणीच खोटें बोलत नसतें. चूक झालेली असते ती खेळ विकत घेतांनाच, त्याची जात न पाहिल्यामुळें.

पुस्तकांत जशी कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन अशी वर्गवारी असते, तशी या खेळांतही आहे: कोडीं, मैदानी खेळांच्या प्रतिकृति, साहसकथा, युद्ध, राज्यकारभार, बांधकाम, शेती इत्यादि. दुकानदार किंमत सांगतो ती रुपयांची. दुसरी किंमत वेळाची. ती प्रत्येक जात निराळ्या हप्त्यांनीं वसूल करिते, आणि तो हप्ता किती मिनिटांचा आहे हें वेष्टनावर छापलेलें नसतें. मॉस्को येथील अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं रचिलेला टेट्रिस घ्या. नवशिक्याचा डाव कांहीं मिनिटांतच संपतो. पानावर बसण्यास उशीर होण्याचें कारणच नाहीं. सर्वच खेळ असे असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

आतां त्या वहींतील यादी पाहूं. पहिलें नांव फुटबॉलचें होतें. ही मालिका १९९३ पासून फिफा या नांवानें निघत असे. २०२३ पासून ती ईए स्पोर्ट्स एफसी या नांवानें निघूं लागली. सामना किती मिनिटांचा असावा हें घरच्या घरीं खेळतांना खेळणाऱ्यासच ठरवितां येतें, दोघांस समोरासमोर खेळतां येतें, आणि डाव संपला कीं उठतां येतें. हे गुण खरे. परंतु तीन गोष्टी आम्हीं त्या मुलाच्या नजरेस आणिल्या. पहिली ही कीं दरवर्षीं नवी आवृत्ति निघते व मित्रमंडळी तिच्याकडे वळली म्हणजे जुनी आपोआप फिकी वाटूं लागते. दुसरी ही कीं २०२३ च्या आवृत्तीस संगणकावर १०० जीबी जागा लागे. वडिलांच्या संगणकांत तेवढी मोकळी नव्हती. तिसरी अधिक गंभीर आहे. या खेळांत खेळाडूंच्या चित्रांचीं पाकिटें खऱ्या पैशांनीं विकत घेतां येतात, आणि पाकिटांत काय निघेल तें नशिबावर असतें. बेल्जममध्यें २०१८ सालीं अशा प्रकारांपैकीं कांहीं जुगारांत मोडतात असा निर्णय झाला, व पुढील वर्षाच्या आरंभीं त्या देशांत या पाकिटांसाठीं लागणाऱ्या नाण्यांची विक्री कंपनीनें बंद केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. पाकिटांची गोष्ट तंतोतंत तीच नव्हे, तरी दोहोंचें गोत्र जवळचें आहे, हें पालकांनीं ध्यानीं घ्यावें.

दुसरें नांव शंभरजण एका बेटावर उतरून शेवटला एक उरेपर्यंत लढण्याच्या खेळाचें होतें. तो फुकट मिळतो, मग यादींत कशाला, असें आम्हीं विचारतां मुलगा हंसला व म्हणाला, "पोशाखाला पैसे लागतात." या जातीचा डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्येंच थांबवितां येत नाहीं; उठून जावें तर सोबत्यांचा घात होतो. म्हणजे येथें मुलाचें "थांब" खरें असतें आणि आईची हांकही खरी असते. वयाच्या दृष्टीनेंही हा खेळ त्या दोघांसाठीं नव्हता. अमेरिकेंत १९९४ पासून व युरोपांत २००३ पासून खेळांवर वयाची खूण छापण्याची पद्धत आहे. युरोपीय खूण ३, ७, १२, १६ व १८ अशा आंकड्यांची असल्यानें कोणासही वाचतां येते. पालकांनीं ती अगोदर पाहावी, चित्र मागाहून.

तिसरा सिव्हिलायझेशन. सिड मायर व ब्रूस शेली यांनीं १९९१ त हा प्रथम रचिला. ख्रिस्तपूर्व ४००० पासून एक राष्ट्र उभारीत न्यावयाचें. नद्या, शेतें, लिपि, नौका, तह, लढाया. बुद्धिबळाप्रमाणें आळीपाळीनें चाल करावयाची असल्यामुळें घाई नाहीं, व कोणत्याही चालीनंतर डाव जपून ठेवून उठतां येतें. कागदावर पाहतां हा खेळ निर्दोष. अनुभव मात्र उलटा आहे: चाल संपते न संपते तों पुढल्या चालींत कांहींतरी पुरें होणार असतें, आणि "आणखी एकच" म्हणतां म्हणतां रात्र सरते. इतिहासाच्या एका शिक्षकांनीं हें स्वतःविषयीं आम्हांपाशीं कबूल केलें आहे. या खेळांतील महात्मा गांधी गणितांतील एका चुकीमुळें अणुबाँब टाकूं लागत, अशी कथा मुलें मोठ्या खात्रीनें सांगतात. परंतु तशी चूक खेळांत नव्हती असें मायर यांनीं २०२० सालच्या आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. छापील गोष्ट पारखून घ्यावी हें आम्ही शिकवितोंच; पडद्यावरील गोष्टीसही तोच नियम लागू आहे.

मायनक्राफ्टविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तो ठाऊक नाहीं असा विद्यार्थी विरळा. त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रति खपल्याचें २०२३ मध्यें जाहीर झालें. तेथील अहोरात्र वीस मिनिटांचें असतें, राक्षस नको असल्यास ते काढून टाकितां येतात, आणि खेळ सोडतांना केलेलें काम जपलें जातें. एकच उणीव: त्याला शेवट नाहीं. ज्यास स्वतः कांहीं बांधावयाचें आहे त्यास तो समुद्राप्रमाणें विशाल वाटेल. ज्यास कोणी काम नेमून द्यावें लागतें तो दोन दिवसांत कंटाळेल. आपण कोणत्या प्रकारचे आहों हें ज्याचें त्यानें ओळखावें.

बहिणीनें पेन्सिलीनें लिहिलेलें नांव वाचून आम्हांस विशेष आनंद झाला. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें रचिला असून तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. असुरांनीं पळवून नेलेल्या गोलू नांवाच्या धाकट्या भावास शोधीत राजी ही मुलगी किल्ल्यांतून व प्राचीन नगरांतून हिंडते. आपल्याकडील भिंतीवरील चित्रांची व कथांची ओळख त्यांत जागोजागीं पटते. चार-सहा तासांत कथा पूर्ण होते. चांगल्या कादंबरीप्रमाणें ती संपवून ठेवून द्यावी. परंतु खेळणारा एकच. "मी खेळेन, दादा पाहील," असा बहिणीचा तोडगा होता. दादाच्या मुद्रेवरून तो मान्य झालासा दिसला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर हाच न्याय त्याच्या यादीसही लागू होता. पहिल्या चार नांवांत बहिणीचा विचार कोठेंच नव्हता. अर्धे पैसे मात्र तिचे होते. हें आम्हीं बोलून दाखविलें तेव्हां तो कांहीं वेळ वहीकडेच पाहत राहिला.

यादींतील पांचवें नांव त्यानें कोणा मित्राच्या सांगण्यावरून लिहिलें होतें व "तो शेतीचा आहे" एवढीच त्याची माहिती होती. स्टारड्यू व्हॅली हा खेळ एरिक बरोन या अमेरिकन तरुणानें चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें खपून, चित्रें, संगीत व लेखन सर्व स्वतः करून, २०१६ त पुरा केला. त्या काळांत तो उदरनिर्वाहासाठीं नाट्यगृहांत प्रेक्षकांस जागा दाखविण्याचें काम करी. आजोबांची पडीक जमीन नातवाच्या हातीं येते. चार ऋतु, प्रत्येक अठ्ठावीस दिवसांचा. पहिलें पीक पांढऱ्या गाजरासारख्या एका कंदाचें. कोणत्या ऋतूंत काय पेरावें, पाणी किती झाडांस पुरेल, बियाणें घ्यावें कीं अवजार सुधारावें, हा सारा हिशेब मुलांसच करावा लागतो. गांवांत एक मद्यगृह आहे, हेंही पालकांस सांगून ठेवितों.

वेळाच्या दृष्टीनें मात्र यांत एक मेख आहे. खेळांतील दिवस पहांटे सहापासून रात्रीं दोनपर्यंत, घड्याळाच्या सुमारें चौदा मिनिटांचा. केलेलें काम जपलें जातें तें रात्रीं बिछान्यावर निजल्यानंतर. मध्यें उठल्यास त्या दिवसाची मेहनत वायां जाते. तेव्हां हांक मारण्यापूर्वीं आईनें "दिवस केव्हां संपेल?" असें विचारावें, आणि मुलानें पानें वाढण्याच्या वेळीं नवा दिवस उघडूं नये. असा करार दोन्ही पक्षांस पाळतां येण्याजोगा आहे. डिसेंबर २०२० मधील सुधारणेपासून एकाच संगणकावर पडदा दुभागून दोघांस एकत्र शेती करितां येते, हें ऐकल्यावर बहिणीनें पेन्सिलीचें नांव आपल्या हातानें खोडलें.

खरेदीविषयीं दोन शब्द. पूर्वीं खेळ तबकडीवर मिळे व शेजाऱ्यास उसना देतां येई. आतां तो बहुधा खरेदीदाराच्या खात्यास जोडलेला राहतो, म्हणून खातें वडिलांच्या नांवें उघडावें व पैशांचा व्यवहार त्यांनींच करावा. स्टीम या दुकानीं, खरेदीस चौदा दिवस झाले नसल्यास व खेळ दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागतां येतात. संगणकास खेळ पेलत नाहीं असें आढळल्यास ही सवलत कामीं येते. तरी मागणी अगोदर वाचणें बरें. या खेळाची मागणी फार माफक आहे. दोघांपैकीं एकास कळफलक व दुसऱ्यास गेमपॅड लागतो. तो त्यांच्या मामांपाशीं जुना पडून होता.

जानेवारींत शाळा उघडल्यावर दोघें पुन्हां भेटलीं. भांडण एकदांच झालें म्हणालीं. दोघें मिळून खेळत असतां दोघेंही निजल्याशिवाय खेळांतला दिवस संपत नाहीं, हें त्यांस ठाऊक नव्हतें. आईची हांक आली तेव्हां बहीण आपल्या बिछान्यांत जाऊन पडली होती, आणि भाऊ तळ्याकाठीं मासे धरीत उभा होता. ती पडद्याच्या आपल्या अर्ध्या भागांतून त्याला म्हणत होती, "दादा, नीज ना आतां. पानें वाढलीं आहेत."