५२ लाखांचे २५ लाख कसे झाले? देशातला एचआयव्ही मोजायची रीत



बंदीचा काळ आहे, होड्या वर ओढल्यात, जाळ्यांची डागडुजी चाललीय. हात कामात असले तरी कान मोकळे असतात, म्हणून आज एक धडा. देशात एचआयव्ही असलेली माणसं किती, हे कळतं तरी कसं?

अडचण अशी, की लागण झालेल्या माणसाला कित्येक वर्षं काहीच त्रास होत नाही. तो डॉक्टरकडे जात नाही, म्हणून दवाखान्याच्या वहीत त्याची नोंदही नसते. कोट्यवधी लोकांचं रक्त तपासणं तर शक्यच नाही. मग थोड्यांना तपासून सगळ्यांचा अंदाज बांधावा लागतो.

पहिली रीत: ठरलेली ठिकाणं

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. १९९८ पासून देशभर ठरावीक दवाखान्यांत नियमित पाहणी सुरू झाली. मुख्य भर गरोदर बायकांवर होता, कारण त्या सर्व थरांतून येतात आणि त्यांचं रक्त तसंही तपासलं जातं. एका ठिकाणी साधारण ४०० नमुने घ्यायचे, नाव-गाव काढून टाकायचं आणि उरलेल्या रक्तावर एचआयव्हीची चाचणी करायची. धोका जास्त असलेल्या गटांची, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या बायका, सुईने नशा करणारे, ट्रकवाले यांची पाहणी वेगळी.

दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजलं की लागण वाढतेय की घटतेय हे कळतं. एखादा तांडेल दरवर्षी ऑगस्टात त्याच जागी जाळं टाकतो, त्याला यंदा बांगडा कमी की जास्त हे बरोबर सांगता येतं. पण तेवढ्यावरून सगळ्या दर्यात मासळी किती, हे सांगायला गेला तर फसेल.

इथेच हिशोब चुकला

या पाहणीवरून २००५ साठी अंदाज निघाला ५२ लाखांचा. पण सरकारी दवाखान्यात येणारे लोक म्हणजे सगळा देश नव्हे. खाजगी दवाखाने एचआयव्हीचा संशय असलेल्यांना सरकारी दवाखान्यात पाठवत, त्यामुळे तिथलं प्रमाण फुगलेलं दिसे.

दुसरी रीत: घरोघरी

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लोकांची परवानगी घेऊन घरोघरी एक लाखाहून जास्त जणांचं रक्त तपासलं. प्रमाण निघालं ०.२८ टक्के. २००६ मध्ये पाहणीची ठिकाणंही वाढवून ११०० च्या वर नेली. दोन्ही एकत्र धरून २००७ मध्ये नवा आकडा जाहीर झाला: सुमारे २५ लाख.

म्हणजे अर्धा रोग नाहीसा झाला का? नाही. मासळी होती तेवढीच होती, अंदाज सुधारला. म्हणून आधीच्या वर्षांचे आकडेही नव्या हिशोबाने पुन्हा काढावे लागले.

घरोघरच्या पाहणीलाही भोकं आहेत. महिनोन्‌महिने होडीवर झोपणारा खलाशी घरी सापडत नाही. लॉजवर, रस्त्यावर राहणारेही सुटतात. म्हणून दोन्ही रीती लागतात.

आजचा आकडा कसा वाचायचा?

२०२३ चा अंदाज आहे २५ लाख ४४ हजार. मोठ्या माणसांत हजारामागे साधारण दोन. तुम्ही म्हणाल, आकडा तर तिथेच आहे, मग सुधारलं काय? इथे दोन आकडे वेगळे ठेवा. नवी लागण २०१० च्या मानाने ४४ टक्के घटलीय. २०२३ मध्ये ती सुमारे ६८ हजार होती. आणि २००४ पासून सरकारी औषध फुकट मिळू लागलं, त्यामुळे माणसं जगताहेत. एकूण आकडा न घटण्यामागे ही चांगली गोष्टही आहे.

आपल्यासाठी तीन गोष्टी

१. हा आकडा लाखोंचा अंदाज आहे. त्यावरून कुठल्या वाड्याकडे किंवा परराज्यातून आलेल्या खलाशाकडे बोट दाखवता येत नाही.

२. पाहणीतून तुमचं स्वतःचं काही कळत नाही. त्यासाठी सरकारी तपासणी केंद्रात जावं लागतं. चाचणी फुकट, तुमच्या संमतीनेच आणि गुप्त. वेळेवर कळलं, औषध रोज घेतलं, तर माणूस दर्यावर पूर्वीसारखा काम करतो.

३. होडीमालकांनो, २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामावर घेताना एचआयव्ही चाचणीचा कागद मागता येत नाही. भीती घातली की माणूस तपासायला जातच नाही, आणि औषधाशिवाय राहिला की त्याचंही नुकसान, घरच्यांचंही.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा. स्वतःबद्दलची गोष्ट मात्र इथे लिहू नका, १०९७ वर फोन करा. फोन फुकट आहे, आणि बोलणं तुमच्यापुरतंच राहतं.