मंडळी काय म्हणेल?

आई-बाबांनो, आपल्या घरांत प्रभूच्या प्रार्थनेच्याही आधी एक वाक्य लेकरांच्या कानावर पडतं: 'मंडळी काय म्हणेल?' पोरीनं केस कापले, मंडळी काय म्हणेल. पोरगं उपासना सोडून मैदानावर गेलं, मंडळी काय म्हणेल. शेगावची पालखी अकोल्यातून जाताना रस्त्यावर कोणी पोराच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पोरानं तो खाल्ला, झालं! प्रसादाच्या या प्रश्नावर पौलानं करिंथकरांना सविस्तर लिहून ठेवलंय, आणि त्याला काळजी पोटात काय गेलं याची कमी, आपल्या वागण्यानं कोणाचं मन दुखावतं याची जास्त होती. पण तेवढं वाचायला वेळ कोणाला असतो.

मी बरीच वर्षं शब्बाथ शाळेत शिकवते. पोट्टे माझ्याशी बोलतात. कोणाचं नाव-गाव सांगणार नाही, एवढंच सांगते की त्यांचा येशूवर राग नाही. त्यांना वैताग आलाय तो दोन तोंडांनी जगण्याचा. रविवारचं तोंड वेगळं, सोमवार ते शनिवारचं वेगळं. आणि ही विद्या त्यांनी आपल्याचकडून घेतली आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट आधीच बोलून टाकते. आपल्या कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म असतो आणि रविवारी दुसरा. यात कोणाला दोष द्यावा? अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात सवलत फक्त हिंदूंना होती. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची जात गेली असं सरकारनं धरलं, गावानं मात्र धरलं नाही. आपल्या लेकराच्या शेजारी बाकावर बसलेल्या मेळघाटातल्या कोरकू मुलाची जमात धर्म बदलून जात नाही. म्हणजे एकाच शब्बाथ शाळेत दोन मुलांना दोन कायदे. हा पेच तुम्ही तयार केलेला नाही. पण 'हे कोणाला सांगू नको बरं' असं कुजबुजून आपण तो लेकराच्या गळ्यात घालतो, ते चूक. पंधरा वर्षांच्या मुलाला कायदा समजतो. आपण काय लिहिलं, का लिहिलं, त्यावेळी मनाला काय वाटलं, हे त्याला जेवताना मोकळेपणी सांगा. आणि पुढच्या बाकावरच्या कुटुंबानं वेगळं लिहिलं असेल, तर घरी येऊन त्यांची उणीदुणी काढू नका. लेकरं त्या वेळी फार नीट ऐकत असतात.

खरेपणानं जगलेलं ख्रिस्ती घर बघायचं असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको लक्ष्मीबाई त्यांच्या मागून गेली नाही. संसार मोडल्यातच जमा होता. काही वर्षांनी ती त्यांच्याजवळ राहायला आली, तीही आपलं सोवळं घेऊन. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न तिनं स्वतःच्या डोक्यानं सोडवला आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आता आपल्याकडे बघा. दृढीकरणाची तारीख आधी ठरते आणि विश्वास तोवर तयार ठेवायचा असतो! एखादी मुलगी म्हणाली, 'मला अजून वेळ पाहिजे,' की आईचा रक्तदाब वाढतो.

त्या पुस्तकाची मला आवडणारी गोष्ट आणखी एक आहे. टिळकांचा संताप, त्यांचं घर सोडून निघून जाणं, दोघांची भांडणं, काहीच बाईंनी झाकलं नाही. १९३४ पासून ते छापून आलं आणि रेव्हरंड टिळकांची उंची त्यानं इंचभरही कमी झाली नाही. आपण साक्ष द्यायला उभे राहिलो की फक्त विजय सांगतो. शनिवारी रात्री घरात काय बोलणं झालं ते बाकावरच्या पोराला ठाऊक असतं, म्हणून ते बुटांकडे बघत बसतं.

याच टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्याला जागा होती, न झालेल्यालाही होती. शंभर वर्षं उलटून गेली, आपण अजून कोण आतला आणि कोण बाहेरचा याचीच मोजदाद करतो.

न्याय करण्याची खोड मोडायची कशी? परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय तुम्हाला माहीत आहे. अमरावतीचं कुष्ठरोग्यांचं तपोवन तर सगळ्यांनाच माहीत, ते डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये उभं केलं आणि ते काही ख्रिस्ती नव्हते. (चांगुलपणावर आपला मक्ता नाही, हेही पोरांना कधीतरी सांगावं.) लोक या रोगाला पापाचं फळ म्हणत. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू अशा एका माणसाला भेटतो. तिथला क्रम बघा. तो आधी हात पुढे करून त्याला शिवतो, 'शुद्ध हो' मागून म्हणतो. लेकरांच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केलाय. आधी सुधर, मग जवळ ये.

कोणी म्हणेल, बाई, मग काहीही चालू द्यायचं काय? नाही. खोटं बोलणं, दारू, दुबळ्याला चिडवणं, यावर बोलायलाच हवं. व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूनं दोषी ठरवलं नाही आणि पुन्हा तसं करू नको असंही सांगितलं. पण ते सांगायच्या आधी तिच्याभोवतीचे दगड खाली पडले होते. तुम्ही बोलायला बसाल तेव्हा आत्याबाई, काकू, महिला मंडळ, कोणी खोलीत नको.

'मला देव आहे असं वाटत नाही' असं मुलगा म्हणाला, तर त्याच संध्याकाळी चार जणांना बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेवू नका. असं कधीपासून वाटतं, काय झालं, ते विचारा. आणि स्वतःचंही सांगा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा तुमच्यातल्या किती बापांच्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती? पोराला हे कधी कळलं का? त्याला वाटतं, शंका घेणारा या घरात तो एकटाच.

आणि पाळकसाहेबांनी विचारलं, 'पोरगा दिसत नाही बा हल्ली?' तर तापाचं, परीक्षेचं कारण काढू नका. म्हणा, 'त्याला सध्या यावंसं वाटत नाही, साहेब. आमचं बोलणं सुरू आहे.' शेजारी उभ्या असलेल्या चार जणांनी ते ऐकलं, तर ऐकू द्या.